ऐकायला शिकलेलं यंत्र

घरातलं वयस्क माणूस न्हाणीघरात पडतं. धप्प आवाज ऐकून सगळे धावतात, तोवर ते भिंतीला टेकून उठून बसलेलं असतं. चेहरा आधी पांढराफटक, मग एकदम लाल. ‘काही नाही, जरा अंधारी आली,’ म्हणून विषय मिटतो. लिंबाचं सरबत होतं, पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. कोणी पित्त म्हणतं, कोणी बीपी, कोणी फिट आल्याचं सांगतं. एखाद्या घरी मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढली जाते. या धावपळीत एक गोष्ट हमखास राहून जाते. मनगटावर बोटं ठेवून, घड्याळाकडे बघत, पूर्ण एक मिनिट ठोके मोजायची. ते तीस-पस्तीसच भरले, तर पित्त, फिट आणि दृष्ट बाजूला ठेवून त्या माणसाला त्याच दिवशी इसीजी काढायला न्यायला हवं.

अशा पडण्याचं मंद नाडीशी नातं आहे, हे वैद्यकाला बोटांनीच सांगितलं. पादुआच्या मोर्गान्यीनं 1761 मध्ये मंद नाडी आणि वारंवार झटके असलेल्या रुग्णाचं वर्णन केलं. डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्सनं 1827 मध्ये एका 68 वर्षांच्या महसूल अधिकाऱ्याची हकीकत लिहिली. नाडी मिनिटाला 30, आणि माणूस पुन्हा पुन्हा शुद्ध हरपून पडणारा. तेव्हा असे झटके मेंदूच्या खात्यावर जमा होत. याचं मूळ हृदयात शोधायला हवं, असं ॲडम्सनं म्हटलं. त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्सनं 1846 मध्ये आणखी बारकाईनं पाहिलं. रुग्णाच्या मनगटावर एक ठोका पडेपर्यंत त्याच्या मानेतली शीर दोनदोनदा, कधी त्याहून जास्त वेळा उडत होती. याचा अर्थ हृदयाचे वरचे कप्पे आपल्या गतीनं चाललेत आणि खालचे आपल्या. हे का घडतं हे सांगायला स्टोक्सकडे साधन नव्हतं. पण जे दिसलं ते त्यानं समजुतीत बसत नाही म्हणून टाकून दिलं नाही. आजही डॉक्टर अशा झटक्याला या दोघांचं नाव देतात.

इथं एक घोटाळा दूर करायला हवा, कारण तो आपल्याकडे रोज होतो. ‘हार्टमध्ये ब्लॉक निघाला’ म्हटलं की आपल्याला अँजिओग्राफी आणि स्टेंट आठवतो. तो ब्लॉक रक्तवाहिनीतला. आपण बोलतोय तो वेगळा. घराच्या हिशेबात सांगायचं तर तो नळाचा बिघाड, हा वायरिंगचा. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो. बसल्या जागी तो मिनिटाला 60 ते 100 वेळा विजेचा बारीकसा इशारा सोडतो. इशारा वरच्या कप्प्यांतून पसरतो, मधल्या गाठीपाशी सेकंदाच्या साधारण दहाव्या भागाइतका थबकतो, तेवढ्यात वरचे कप्पे आपलं रक्त खाली ओततात, आणि मग तो तंतूंच्या एका जुडीतून डाव्या-उजव्या फांद्यांनी खालच्या कप्प्यांत उतरतो. पुंजकाच थकला तर ठोके मंदावतात. मधली वाट तुटली तर वरून निघालेला निरोप खाली पोचतच नाही आणि खालचे कप्पे मिनिटाला 20 ते 40 अशा आपल्या उपजत चालीनं कसेबसे चालत राहतात. तेही मध्येच अडखळले, की माणूस जमिनीवर. रक्तवाहिन्या स्वच्छ असलेल्या माणसालाही हे होतं, आणि स्टेंटनं हा ब्लॉक सहसा सुटत नाही.

ही वाट शोधायला सत्तरेक वर्षं लागली, आणि शेवटची दोन पावलं फार देखणी आहेत. खालच्या कप्प्यांतलं तंतूंचं जाळं पुर्किंये या चेक शास्त्रज्ञानं 1839 मध्ये पाहिलं होतं. वरच्या-खालच्या कप्प्यांना जोडणारी जुडी विल्हेल्म हिस यानं 1893 मध्ये दाखवली. पण जुडी कुठून सुरू होते आणि कुठं जाते, हे जपानहून जर्मनीतल्या मारबुर्गला शिकायला आलेल्या सुनाओ तवारा या तरुणानं उलगडलं. हृदयाच्या स्नायूंच्या आजाराचा अभ्यास करता करता त्यानं मधली गाठ शोधली, आणि गाठ, जुडी, फांद्या, जाळं हे सगळं एकच झाड आहे असं 1906 च्या आपल्या ग्रंथात मांडलं. हे वाचून लंडनच्या आर्थर कीथनं आपला विद्यार्थी मार्टिन फ्लॅक याला कामाला लावलं. केंटमधल्या घरी उन्हाळ्यात कीथ सायकलवर फेरफटका मारून परतला, तेव्हा फ्लॅक सूक्ष्मदर्शकापाशी त्याची वाट बघत होता. जमिनीत बिळं करणाऱ्या मोल या चिमुकल्या प्राण्याच्या हृदयात त्याला तो वरचा पुंजका सापडला होता. 1907 मध्ये तो शोध छापून आला आणि वायरिंगचा नकाशा पुरा झाला.

नकाशा हाती येण्याआधीच काहींना विजेनं हृदय चालवता येईल हे सुचलं होतं. ॲबर्डीनच्या जॉन मॅकविल्यमनं 1889 मध्ये तसं लिहिलंही. सिडनीच्या मार्क लिडविलनं 1928 च्या सुमारास निपचित जन्मलेल्या एका बाळाच्या हृदयाला सुईवाटे विजेचे ठोके दिले. थोड्या वेळानं बाळाचं हृदय स्वतःहून चालू लागलं. त्यानं यंत्राचं पेटंट घेतलं नाही. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट हायमननं 1932 मध्ये हातानं चावी देऊन चालवायचं यंत्र बनवलं आणि त्याला ‘आर्टिफिशियल पेसमेकर’ असं नाव दिलं. नाव टिकलं, यंत्राला मात्र कोणी थारा दिला नाही. मेलेल्या माणसात जीव घालण्याचा हा उद्योग देवाच्या कामात ढवळाढवळ करणारा आहे, असा रोष हायमनला सोसावा लागला. तंत्र तयार असूनही समाजाचं मन तयार नसलं की वीस वर्षं कशी वाया जातात, हे इथं दिसतं. त्या वीस वर्षांत पडून मेलेल्या माणसांची मोजदाद कुठंच नाही.

1952 मध्ये बॉस्टनच्या पॉल झोलनं छातीवर दोन पट्ट्या लावून बाहेरूनच हृदय चालवून दाखवलं. माणसं वाचली, पण प्रत्येक ठोक्यासरशी छातीचे स्नायू आचके देत, कातडी भाजे, वेदना सहन होत नसत. यंत्र भिंतीतल्या प्लगला जोडलेलं असे. वायर जेवढी लांब तेवढं रुग्णाचं जग.

त्या प्लगचा खरा हिशेब झाला तो अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये. तिथं वॉल्टन लिलहाय हा शल्यविशारद लहान मुलांच्या हृदयातली जन्मजात भोकं शिवत असे. अशा शस्त्रक्रियांत दहातल्या एखाद्या मुलाच्या बाबतीत टाका नेमका त्या मधल्या वाटेवर पडे, आणि शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही मूल हार्ट ब्लॉकनं जाई. 1957 च्या जानेवारीत लिलहायच्या चमूनं थेट हृदयाच्या स्नायूला बारीक तार जोडली. आता झोलच्या पट्ट्यांपेक्षा कितीतरी कमी विजेत काम भागू लागलं, वेदनाही नव्हती. काही दिवसांत सूज उतरून मुलाची स्वतःची वाट मोकळी झाली की तार ओढून काढता येई. पण विजेसाठी यंत्र अजून प्लगलाच होतं. 31 ऑक्टोबर 1957 रोजी शहराची वीज काही तास गेली. त्या रात्री एक बाळ दगावलं, असं अर्ल बॅकन पुढं सांगत असे.

बॅकन हा गॅरेजमध्ये बसून रुग्णालयांची उपकरणं दुरुस्त करणारा इंजिनिअर. बॅटरीवर चालेल असं काही करता येईल का, असं लिलहायनं त्याला विचारलं. इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदिष्टांसाठी निघणाऱ्या एका मासिकात बॅकननं दोन ट्रान्झिस्टरच्या मेट्रोनोमची आकृती पाहिली होती. मेट्रोनोम म्हणजे संगीत शिकणाऱ्याला लय धरून देणारं टिकटिक यंत्र. बॅकननं त्याचाच आधार घेतला, 9.4 व्होल्टची पाऱ्याची बॅटरी बसवली आणि चार आठवड्यांत तळहातावर मावेल अशी डबी करून प्राण्यांवर तपासायला प्रयोगशाळेत दिली. दुसऱ्या दिवशी काही कामानं तो रुग्णालयात गेला, तर डबी एका मुलाला लावलेली! चांगलं साधन हाताशी असताना मूल गमवायची लिलहायची तयारी नव्हती. आजच्या नियमांत हे बसणार नाही, आणि नियम आहेत ते योग्यच आहेत. पण त्या एका दिवसाच्या घाईमागची तळमळ मला खरी वाटते. तो माणूस रोज त्या मुलांच्या आईबापांना तोंड देत होता.

पुढचं पाऊल एका बाईच्या हट्टानं पडलं. स्टॉकहोमला आर्ने लार्सन हा 43 वर्षांचा माणूस दिवसाला वीस-वीस, तीस-तीस झटके सोसत रुग्णालयात पडून होता. एका संसर्गानं त्याच्या हृदयातली वाट उद्ध्वस्त केली होती. त्याची पत्नी एल्से-मारी हिनं शरीरात बसवता येईल अशा यंत्राच्या प्रयोगांबद्दल वाचलं आणि ती शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांच्या मागं लागली. माणसात घालण्याजोगं यंत्र अजून तयार नाही, असं ते सांगत राहिले. मग करा, असं ती म्हणत राहिली. एल्मक्विस्टनं दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट आणि बाहेरून चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या एकत्र करून त्यांवर रेझिन ओतलं. साचा म्हणून बुटाच्या पॉलिशची डबी वापरली. 8 ऑक्टोबर 1958 च्या रात्री, शस्त्रक्रियागृहात गर्दी नसताना, सेनिंगनं ती लार्सनच्या शरीरात बसवली.

काही तासांत ती बंद पडली. दुसरी बसवली, तीही फार टिकली नाही. त्या क्षणी कोणी हिशेब मांडला असता, तर प्रयोग फसला असंच लिहिलं असतं. लार्सन मात्र तगला आणि पुढच्या चार दशकांत त्याच्या शरीरात एकूण 26 यंत्रं बसली. 28 डिसेंबर 2001 रोजी तो 86 व्या वर्षी वारला, तो हृदयानं नव्हे, कर्करोगानं. एल्मक्विस्ट आणि सेनिंग दोघेही त्याच्या आधी गेले होते.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या बफेलोचा विल्सन ग्रेटबॅच हृदयाचे आवाज टिपणारं यंत्र जुळवत होता. डब्यातून रेझिस्टर उचलताना चुकून भलत्याच मूल्याचा हातात आला. सर्किट पूर्ण केलं तर त्यातून क्षणभराचा ठोका, सेकंदभर शांतता, पुन्हा ठोका. ग्रेटबॅचला आपण काय ऐकतोय ते लगेच उमगलं. विल्यम चार्डॅक या शल्यविशारदाबरोबर त्यानं 1960 मध्ये माणसांत यंत्रं बसवायला सुरुवात केली. पुढं त्यानं उभं आयुष्य बॅटरीवर खर्ची घातलं. पाऱ्याच्या बॅटऱ्या दोनेक वर्षांत संपत, म्हणजे दर दोन वर्षांनी चिरफाड. पॅरिसमध्ये 1970 साली प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकरही एका रुग्णात बसवला गेला. प्रश्न सोडवला तो 1972 पासून आलेल्या लिथियम-आयोडाइड बॅटरीनं. आज पेसमेकर आठ-दहा वर्षं सहज जातो. आपण ‘बॅटरी बदलली’ म्हणतो तेव्हा खरं तर खांद्याखालचा सगळा डबाच बदललेला असतो. हृदयात गेलेली तार बहुधा तीच राहते.

इथवरची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मला तिच्या पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो, आणि तो कमी सांगितला जातो.

ती सगळी यंत्रं मेट्रोनोमच होती. एकदा 70 चा दर ठरवला की दिवसरात्र 70. रुग्ण झोपलेला असो, जिना चढत असो, हृदय स्वतःहून चालू लागलेलं असो, यंत्र आपले ठोके मारतच राहणार. हार्ट ब्लॉक अनेकदा येऊन-जाऊन असतो. हृदयाचा स्वतःचा ठोका पडला आणि त्याच्या पाठोपाठ, स्नायू पूर्वपदावर येत असतानाच्या नाजूक क्षणी, यंत्रानंही ठोका मारला, तर सगळी लय कोसळून प्राणघातक थरथर सुरू होण्याचा धोका असतो. गायक आपल्या अंगानं गात असताना शेजारी कोणी बहिऱ्यासारखा ठेका ठोकत बसावं, तसा हा प्रकार. बॅरूह बर्कोविट्स या अभियंत्यानं 1960 च्या दशकाच्या मध्यावर यंत्राला कान दिले. हृदयात गेलेली तार आता दोन्ही कामं करू लागली: ती हृदयाची वीज आधी टिपणार, ठरल्या वेळात ठोका आला तर गप्प बसणार, आला नाही तरच स्वतः देणार. याला डिमांड पेसमेकर म्हणतात. आज हे इतकं स्वाभाविक वाटतं की त्यातली झेप जाणवत नाही. हृदयाला धक्का देणं पहिल्याच दिवशी साधलं होतं. कधी द्यायचा नाही, हे समजायला त्यापेक्षा जास्त बुद्धी लागली.

मग ऐकणं सूक्ष्म होत गेलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही कप्प्यांत तारा घालून वरचा ठोका ऐकायचा, मधल्या गाठीसारखं क्षणभर थांबायचं आणि मग खालचा द्यायचा, हे यंत्रांना जमलं. ऐंशीच्या दशकात यंत्रातला एक स्फटिक शरीराची हालचाल ओळखू लागला. माणूस चालायला लागला की दर वाढे, बसला की उतरे. मैफलीत चांगल्या तबलजीला दाद मिळते ती गायकाला कुठं मोकळं सोडायचं हे कळण्यासाठी. पेसमेकर त्या दिशेनं चालला होता.

तरी एक गोष्ट राहिली होती आणि ती कळायला रुग्णांना किंमत मोजावी लागली. खालच्या कप्प्यात तार ठेवायची सोयीची जागा म्हणजे उजव्या कप्प्याचं टोक. तिथून ठोका दिला की वीज नैसर्गिक फांद्यांतून न जाता स्नायूस्नायूंतून रेंगाळत पसरते. उजवी बाजू आधी आकसते, डावी मागून. अनेक वर्षं याकडे किरकोळ बाब म्हणून पाहिलं गेलं. 2002 मध्ये 506 रुग्णांवरचा एक अभ्यास आला. हृदय दुबळं असलेले, पण ठोक्यांसाठी यंत्राची मुळात गरज नसलेले हे रुग्ण होते. एका गटाचं यंत्र 70 च्या दरानं दोन्ही कप्पे चालवत राहिलं, दुसऱ्याचं 40 च्या खाली गेल्याशिवाय बोलणार नव्हतं. जास्त बोलणाऱ्या यंत्राच्या गटात मृत्यू आणि हृदय थकून रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण अधिक निघालं. हार्ट ब्लॉक असलेल्याला पेसमेकर नको, असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याच्यासाठी तो जीवच आहे. पण गरज नसलेला प्रत्येक ठोका हृदयावरचा भार असू शकतो, हे त्या दिवशी पक्कं झालं.

उत्तर जुन्या नकाशात होतं. पेनसिल्व्हेनियात प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली, 1893 मध्ये हिसनं दाखवलेल्या त्या जुडीतच तार रोवून रुग्णांना कायमचं पेसिंग देता येतं, हे प्रसिद्ध केलं. हे मराठी आडनाव या इतिहासात वाचताना मला थांबावंसं वाटलं, हे कबूल करतो. जुडी बारीक, जागा सापडायला अवघड. 2017 मध्ये चीनमधल्या वेनझोऊच्या वेइजियान ह्वांग यांच्या गटानं तार खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून थोडी आत नेऊन डाव्या फांदीपाशी पोचवली, आणि तेव्हापासून हे तंत्र वेगानं पसरतंय. पुण्या-मुंबईतही ते केलं जातं. तवारानं आपल्या ग्रंथात जे झाड रेखाटलं, त्याच्याच फांदीवर शंभर वर्षांनी यंत्र येऊन बसलं. आता बिनतारेचा, दोन ग्रॅमहूनही हलका पेसमेकर जांघेतल्या शिरेतून थेट हृदयात सोडता येतो. अशा यंत्रांतलं एक 2013 मध्ये ऑस्ट्रियात पहिल्यांदा बसवलं गेलं. ज्यांच्या तारांना जंतुसंसर्ग होतो त्यांना तो वरदान आहे.

यंत्र इतकं ऐकायला शिकलं. त्याभोवतीची माणसं किती शिकली?

1988 मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या 30 रुग्णालयांत बसवलेल्या 382 पेसमेकरांची कागदपत्रं तपासली, तेव्हा त्यांतल्या 20 टक्के रुग्णांना त्याची गरज असल्याचा काही आधार सापडला नाही. आपल्याकडे ‘पैशांसाठी मशीन बसवलं’ ही शंका अनेक घरांत बोलली जाते, आणि ती बोलणाऱ्यांना वेड्यात काढून चालणार नाही. तिचं निरसन कागदावरच होऊ शकतं. पडण्याच्या वेळची नाडी किती होती, इसीजीच्या पट्टीवर ब्लॉक दिसतो का, चोवीस तासांच्या होल्टर तपासणीत ठोके किती सेकंद थांबले? ही पट्टी रुग्णाला दाखवली पाहिजे आणि तिची प्रत त्याच्या फाइलला लागली पाहिजे. प्रामाणिक डॉक्टरला यात काहीच अडचण नाही, बहुतेक जण हे करतातही.

दुसरीकडे, ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत यंत्र पोचत नाही. महाराष्ट्रात 2012 मध्ये सुरू झालेल्या आणि आता महात्मा फुले यांच्या नावानं चालणाऱ्या जनआरोग्य योजनेत पेसमेकरचा समावेश आहे. म्हणजे निदान कागदावर तरी गरिबाची वाट पैशांपाशी अडू नये. ती त्याआधीच अडते, न्हाणीघराच्या दारात. फिटेच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाणाऱ्या माणसाची नाडी कोणी मिनिटभर मोजलेली नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात इसीजीचं यंत्र असावं, ते चालू असावं आणि पट्टी वाचून कोणीतरी त्याच दिवशी सांगावं, ही मागणी मोठी नाही. आशाताईंना साखर आणि रक्तदाब मोजायला शिकवता येतं, तर पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची नाडी मोजायलाही शिकवता येईल.

आणि यंत्रं? दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेसारख्या चिमुकल्या देशात ओरेस्तेस फियांद्रा यांनी 1960 च्या फेब्रुवारीत एल्मक्विस्टचं यंत्र एका रुग्णात बसवलं आणि दशक संपेपर्यंत माँटेव्हिडिओत पेसमेकर बनवायलाही सुरुवात केली. भारतातही मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला पेसमेकर तयार होतात. तरीही आपल्या रुग्णालयांत परदेशी यंत्रांचंच वर्चस्व आहे, आणि योजनेत न बसणाऱ्या मध्यमवर्गीय घराला त्यांची किंमत कर्ज काढून भरावी लागते.

याच संदर्भात मुंबईतलं एक काम फार थोड्यांना माहीत आहे. अमेरिकेतल्या अंत्यविधी करणाऱ्या संस्थांकडून, मृतांच्या कुटुंबांच्या संमतीनं काढलेले पेसमेकर गोळा करून, त्यांतले भरपूर आयुष्य उरलेले निवडून, निर्जंतुक करून ते वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात 53 गरजू रुग्णांना बसवले गेले. त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांच्यात ना संसर्ग आढळला, ना यंत्राचा बिघाड. वापरलेलं यंत्र म्हटल्यावर नाक मुरडण्याआधी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. ज्या स्वीडनमध्ये शरीरात यंत्र बसवण्याचा इतिहास सुरू झाला तिथंच पूर्वी पेसमेकर पुन्हा वापरले जात. वापरलेले बसवलेले 100 आणि नवे बसवलेले 100 अशा रुग्णांची तुलना तिथल्या डॉक्टरांनी 1998 मध्ये छापली, आणि जुनी यंत्रं नव्यांइतकीच सुरक्षित ठरली. 2020 मध्ये कॅनडाच्या माँट्रियलहून गरीब देशांत पाठवलेल्या यंत्रांचा 1,051 रुग्णांवरचा अभ्यास आला. नव्या यंत्रांच्या तुलनेत संसर्गात लक्षणीय फरक दिसला नाही. 2024 मध्ये मिशिगन विद्यापीठानं सात देशांतल्या सुमारे 300 रुग्णांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्षही तसाच. कंपन्या यंत्रावर ‘एकदाच वापरा’ असं छापतात. त्यामागं जबाबदारीचा खरा प्रश्न आहे, तो टाळता येणार नाही. म्हणूनच हे काम चोरून किंवा उपकार म्हणून होऊ नये. त्यासाठी निर्जंतुकीकरणाची ठरलेली पद्धत हवी, प्रत्येक यंत्राचा नोंदवलेला प्रवास हवा, आणि रुग्णाला त्याच्या भाषेत सगळं सांगून घेतलेली संमती हवी.

आपल्याकडे तर हे यंत्र तसंही काढावंच लागतं. पेसमेकरची बॅटरी अग्नीत फुटते. 1976 मध्ये इंग्लंडमधल्या सॉलिहलच्या दाहिनीत असा स्फोट झाला, त्यानंतर तिथं दहनापूर्वी पेसमेकरची चौकशी होऊ लागली. आपल्याकडे बहुसंख्य माणसांना अग्नी दिला जातो, विद्युतदाहिनीत किंवा लाकडांवर, आणि दुःखात बुडालेल्या घराला हे कोणी सांगत नाही. काढायला कॉलर बोनखाली एक छोटा छेद आणि काही मिनिटं पुरतात. छातीत शॉक देणारं यंत्र असेल तर ते आधी बंद करून घ्यावं लागतं, एवढीच जास्तीची काळजी. मग तो डबा कुठं जातो? कधी कचऱ्यात, कधी कपाटात आईच्या चष्म्याशेजारी. कधी त्यात अजून सहा-सात वर्षांचं आयुष्य शिल्लक असतं, आणि त्याच तालुक्यात कोणीतरी तिसऱ्यांदा न्हाणीघरात पडलेलं असतं.

मृत्यूच्या दाखल्याबरोबर स्मशानात जो कागद भरला जातो, त्यावर एक ओळ वाढवायला फार मोठा खर्च येत नाही: ‘मृताच्या शरीरात पेसमेकर आहे का? असल्यास तो दुसऱ्या रुग्णासाठी देण्यास कुटुंबाची संमती आहे का?’